न दुखलेला हात

विराबीन,
सोमवार, ता. ११ सप्टेंबर १९६१, पहाटे ५ वाजून ४० मिनिटे

प्रिय ॲल्विन,

स. न. वि. वि.

दुधाची साय काढायचं यंत्र धुवून फडक्यावर पालथं घातलं, हात कोरडे केले आणि लगेच लिहायला बसलो. तू शनिवारी रात्रीच लोकरीच्या ट्रकने मेंढ्या कातरायला परत गेलास, त्यामुळे इथे काय काय चाललंय हे तुला कोणी सांगितलं नसणार. फोन करता आला असता, पण एक्स्चेंजवर हाइनमनबाई बसलेल्या असतात. आपण तीन मिनिटं बोलायचं आणि दुपारपर्यंत ते तीन गावांनी ऐकायचं, हे मला नको आहे.

आई बरी आहे. तू नीट जेवतोस का, असं विचारते. मेंढ्यांच्या मुलखात राहून माणूस उपाशी कसा राहील, असं मी म्हणालो, तर चवीने जेवतोस का असं विचारते.

गावात शनिवारच्या फुटबॉल मॅचबद्दल माझ्यासमोर कोणी बोलत नाही. बेकरीत मला नऊ पाव हवे होते, मी आठच मागितले. नऊ म्हटलं असतं तर सगळ्यांनी खाली बघितलं असतं. तरीही पाठ वळल्यावर कोणीतरी म्हणालंच की, कूरामिलच्या डेनिहीने नऊ गोल मारले त्यात नवल काय, नोस्केच्या, म्हणजे तुझ्या, जागी फाटक उभं केलं असतं तरी तेवढेच गेले असते. मी मागे वळून बघितलं नाही. आवाज लूबीचा होता असं वाटतं, म्हणजे तो मनाने वाईट बोलला नसेल, त्याचं दारूचं हॉटेल सकाळपासून उघडं होतं.

मी वहीत सगळं मांडलंय. नऊपैकी चार गोल डेनिहीने पुढे धावत येऊन झेल घेतले आणि त्यावर मोकळी लाथ मिळाली तेव्हाचे. तिथे तो तुझ्या दोन पावलं पुढे होता. तीन वाऱ्यामुळे झाले. दोन फ्री किकवर, त्यातली एक पंचाने उगाच दिली. पण उंच चेंडूवर चार-पाच जण उड्या मारतात त्या गर्दीत चौदापैकी अकरा वेळा तूच जिंकलास. हेही मी लिहिलंय आणि खाली रेघ मारलीय. धावण्याचं लिहायला जीव होत नव्हता, पण लिहिलं नसतं तर अकराच्या आकड्यावर तरी कोणी विश्वास का ठेवावा?

अडचण अशी की क्लेम रडकने वही मागितली आहे. तो कोच आहे, मागणारच. मे महिन्यात मला निवड समितीत घेतलं ते या वहीसाठीच, माझ्या अकलेसाठी नाही, हे मला कळतं. पुढच्या शनिवारी जिंकलो तर २३ तारखेला फायनल, आणि समोर पुन्हा कूरामिल, पुन्हा डेनिही. तेव्हा त्याला अडवायला फुल-बॅकला कोण, हा प्रश्न निघणारच. माझेच आकडे तुझ्याविरुद्ध टेबलावर पडणार, या विचाराने रात्री दोनदा उठलो. एकदा तर खरंच वही बघायला उठलो. आकडे तेच होते.

तुझं काय म्हणणं आहे ते कळव. आईचे आशीर्वाद. माझ्यावरची माया या आकड्यांमुळे कमी करू नकोस.

तुझा,
मर्विन


बुंडारीचं कातरणीघर,
गुरुवार, ता. १४ सप्टेंबर

चि. मर्व,

अ. आ.

तुझं पत्र पोचलं. अक्षर असं की आमच्या ठेकेदाराला ते सरकारी कागद वाटलं. मी त्याला सांगितलं, माझा भाऊ सातवीत शाळा सोडून गाईंकडे गेला, पण गाईंनाही तो शुद्ध लिहायला लावतो.

आईला सांग की मी चवीने जेवतो. सकाळी मटण, दुपारी मटण, रविवारी बदल म्हणून थंड मटण. लोकरीच्या तेलाने हात इतके मऊ झालेत की आपल्या बहिणीने, लोर्नाने, बघितले तर तिच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लावून घेईल.

नऊ गोलांचं तू मनावर घेऊ नकोस, ते मी घेतलंय. फुल-बॅकचं असंच असतं, मर्व. अठरा गड्यांत तो एकटा असा असतो की चूक झाल्यावरच त्याचं नाव घेतात. दिवसभर डेनिहीच्या पाठीला चिकटून राहिलो, त्याने किती वेळा शिंक दिली तेही सांगेन, पण प्रेक्षकांनी मला बघितलं ते नऊ वेळाच. फाटकाबद्दल लूबीला सांग की अकरा वर्षांत त्याला स्वतःला हे फाटक एकदाही ओलांडता आलं नाही.

या शनिवारी मी येणार नाही. ठेकेदार आणखी एकाच शनिवारची सुट्टी देतोय आणि ती मी फायनलसाठी राखून ठेवलीय. माझ्या जागी ट्रेंबथांचा नेव्हिल खेळेल असं क्लेमने सांगितलंय. एकोणीस वर्षांचा आहे, हरणासारखा पळतो. त्याला सांग, डोळे चेंडूवर ठेव आणि कोपर समोरच्या गड्याच्या बरगडीवर. पंच बघत असेल तर उलटं कर.

आता खरं बोलतो. मी तीन फायनल खेळलो, त्रेपन्न, छप्पन्न, एकोणसाठ, आणि तिन्ही हरलो. ही चौथी. एकतीस वर्षांच्या माणसाला पाचवी कोणी देत नाही. क्लेमने मला काढायचं ठरवलं तर त्याचं मी काही वाकडं करणार नाही. पण एक करशील? बेकरीच्या काचेवर यादी लागते आणि अख्खं गाव नाक लावून वाचतं. माझं नाव नसेल तर ते मला तिथे कळू नये. तुझ्याकडून कळावं, आधी. समितीचा नियम मला माहीत आहे, यादी लागेपर्यंत आतलं बाहेर सांगायचं नसतं. तरीही मागतोय.

हे लोर्नाला लिहू नकोस. ती आधी रडेल आणि मग दोन पानं उपदेश करेल.

आईला नमस्कार. स्वतःची काळजी कर, गाईंची तू करतोसच.

तुझा भाऊ,
ॲल्विन


विराबीन,
बुधवार, ता. २० सप्टेंबर, पहाटे ५ वाजून १० मिनिटे

प्रिय ॲल्विन,

स. न. वि. वि.

धारा काढून झाल्या आहेत, गाई अजून गोठ्यातच आहेत, त्यांना सोडायच्या आधी लिहितो, कारण टपालाची गाडी आज बाराला निघते आणि पुढची थेट शुक्रवारी. हे पत्र तुला उद्या सकाळी मिळेल.

आपण शनिवारी बावीस गुणांनी जिंकलो हे तुला कळलंच असेल. नेव्हिलने त्याच्या गड्याला दोनच गोल मारू दिले. तू सांगितल्याप्रमाणे त्याने कोपर वापरलं, पण पंच बघत असताना, त्यामुळे एक फ्री किक गेली.

काल मंगळवारी सरावानंतर समिती बसली. मि. ट्रेगिअर, क्लेम, लूबी आणि मी. सगळ्या जागा भराभर भरल्या. मग ट्रेगिअर माझ्याकडे न बघता म्हणाले की मर्व, तू जरा हवा खाऊन ये. आपल्यात ज्याच्या घरच्या माणसाचा विषय निघतो त्याने बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभं राहायचं, हे मला ठाऊक आहे. पण टाकी रस्त्यावरून दिसते. मी उभा असताना अकरा जण गेले. अकराच्या अकरा जणांना कळलं की आत तुझं चाललंय. नेव्हिलची आई सायकलवरून गेली. तिने हात केला आणि मग केला याचं तिला वाईट वाटलं.

मला चाळीस मिनिटं उभं केलं. गेल्या आठवड्यात ट्रेगिअरांच्या जावयासाठी ते स्वतः चारच मिनिटं उभे होते. पत्र्याच्या भिंतीतून अर्धवट ऐकू येत होतं. मी कान लावला नव्हता, पण दूरही गेलो नाही. आधी लूबी हसला, मग कोणीच हसलं नाही. क्लेमचा आवाज स्पष्ट आला की नेव्हिल फुल-बॅकला पक्का, आणि ॲल्विनला तिथे उभा करायचाच नाही. हे शब्द जसेच्या तसे आहेत. मी लगेच टाकीवरच्या धुळीत बोटाने लिहिले आणि मग पुसले.

मला आत बोलावलं तेव्हा ट्रेगिअरांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की आईला सांग, रविवारी येतो चहाला. आपल्या बाबांच्या अंत्यविधीनंतर ते तसेच बोलले होते. वही परत मिळाली. तिच्यात कूरामिलच्या फुल-बॅकचं, त्या पॅस्कोचं पान दुमडलेलं होतं. चुकून दुमडलं असेल. मी ते सरळ केलं.

नावं उद्या गुरुवारी पक्की होतील. तू म्हणाला होतास की आधी सांग, म्हणून नियम मोडून सांगतोय. माझी एक सूचना आहे, राग मानू नकोस. उद्याच तू समितीला तार कर की कातरताना हात दुखावला, खेळता येणार नाही. मग काचेवर तुझ्या नावापुढे "दुखापत" असं लागेल. अकरा वर्षं खेळलेल्या माणसाला काढलं आणि अकरा वर्षं खेळलेला माणूस जखमी झाला, या दोन्हींत फरक आहे. लोक जखमी माणसाबद्दल फाटकाच्या गोष्टी करत नाहीत.

मी हे तीनदा लिहिलं. आधीच्या दोन कागदांवर कारण जास्त लांबलं होतं.

चुकलं असेल तर धाकटा म्हणून पोटात घाल.

मर्विन


बुंडारी,
गुरुवार, ता. २१ सप्टेंबर

मर्व,

पत्र दहाला मिळालं. तार केली. डावा हात निवडला, कारण उजव्याने इथे सगळ्यांसमोर चहा पितो.

तू केलंस ते बरोबर केलंस. सांग म्हणालो होतो, सांगितलंस. तुझ्यावर राग नाही. आईला मात्र खरा हात दुखतोय असं सांगू नकोस, ती मलम पाठवेल आणि मला ते लावावं लागेल.

नेव्हिलला शुभेच्छा. त्याने माझी पाच नंबरची जर्सी घातली तर चालेल, मागच्या बाजूला उसवली आहे तेवढी शिवून घे.

ॲल्विन


विराबीन,
रविवार, ता. २४ सप्टेंबर, सकाळी ७

प्रिय लोर्ना,

सा. न. वि. वि.

आई चर्चला जायला तयार होतेय आणि मी ताप आहे असं सांगून घरी राहिलोय. ताप नाही. आपण चार गुणांनी हरलो. कूरामिल एकोणसत्तर, आपण पासष्ट. ते तुला पेपरात दिसेल. पेपरात न येणारं मला कोणाला तरी लिहायचं आहे, आणि तू दूर आहेस म्हणून तुला लिहितो. माझ्याकडे बघत तू हे वाचणार नाहीस याचं बरं वाटतं.

मंगळवारी मला टाकीपाशी उभं केलं, मी अर्धवट ऐकलं आणि ॲल्विनला काढताहेत असं समजून त्याला लिहिलं. हात दुखतोय अशी तार कर, असंही मीच सुचवलं. त्याने केली. गुरुवारी संध्याकाळी समिती बसली आणि ट्रेगिअरांनी तार वाचली. क्लेमने पेन्सिल भिंतीवर फेकली. तिचं टोक मोडलं. मग तो म्हणाला की झालं, आता गोल कोण मारणार, तुझा भाऊ? हे तो मला म्हणाला.

लोर्ना, ते त्याला फुल-फॉरवर्डला उभा करणार होते. गोल अडवायच्या टोकाला नव्हे, मारायच्या टोकाला. म्हणूनच ॲल्विनला तिथे उभा करायचाच नाही, असं क्लेम म्हणत होता. कूरामिलचा पॅस्को धावायला चांगला आहे, पण गर्दीत उंच उडीला कच्चा. गर्दीत चौदापैकी अकरा कोण जिंकलं, ते माझ्याच वहीत होतं. क्लेमने ते वाचलं, पॅस्कोचं पान शेजारी धरलं आणि ते दुमडून ठेवलं. मी ते सरळ केलं. ही गोष्ट कूरामिलला कळू नये म्हणून चाळीस मिनिटं घोटत होते, आणि कोणाला, म्हणजे मलाही, सांगायचं नाही असं ठरलं होतं.

मी तिथे बसलो होतो. हात दुखत नाही, हे मला एकट्याला माहीत होतं. बोललो असतो तर ॲल्विन खोटारडा ठरला असता, आणि मला कसं माहीत, असं विचारलं असतं तर मी आतलं बाहेर नेलं हे निघालं असतं. एवढा विचार मी केला आणि तोवर लूबी म्हणाला की लिही रे, अक्षर तुझं चांगलं. मी लिहिलं. ए. नोस्के, दुखापत. फुल-फॉरवर्डला बर्ट लॉडर.

शुक्रवारी मी दोनदा पोस्टात गेलो. हाइनमनबाईंनी विचारलं की कुठे जोडू. पहिल्या वेळी मी वेळ विचारली. दुसऱ्या वेळीही वेळ विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या की मर्विन, मागच्या वेळेपेक्षा वीस मिनिटं पुढे गेलीय. बुंडारीहून ट्रक दुपारी दोनला निघतो. दोन वाजता मी घरी होतो आणि कुंपणाच्या तारा ताणत होतो. त्या ताणायची काही गरज नव्हती.

शनिवारी नेव्हिलने डेनिहीला तीनच गोल मारू दिले. म्हणजे फुल-बॅकचा निर्णय बरोबर होता. दुसऱ्या टोकाला बर्टने एक गोल मारला आणि सहा वेळा चेंडू बाजूच्या खांबांतून घातला. मधून गेला असता तर सहा गुण, बाजूने गेला म्हणून एक. त्या सहांतला एक जरी मधून गेला असता तर आपण एका गुणाने जिंकलो असतो. प्रत्येक वेळी मी वहीत एक रेघ मारली. सहाव्या रेघेला शेजारचे मि. हॅकेट म्हणाले की नोस्केचा हात आजच दुखायचा होता का.

क्लेमने मला काही म्हटलं नाही. त्याला माहीतच नाही. ॲल्विनलाही माहीत नाही. त्याला वाटतं त्याला काढणार होते. त्याला तसंच वाटू दिलं तर त्याचं दुःख तेवढंच राहील. खरं सांगितलं तर वाढेल. मी गप्प राहावं का? तू मोठी आहेस, तू सांग. तू सांगशील ते मी करीन.

तुझ्या तब्येतीला जप. मला अगदी टाकू नकोस.

मर्विन


मेलबर्न,
बुधवार, ता. २७ सप्टेंबर

चि. मर्विन,

अ. आ.

मी सांगीन ते तू करशील, म्हणजे चूक निघाली तर ती माझी. तिसरीत असताना मधमाश्यांचं पोळं कोणी पाडलं हे सांगायला तू असाच माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहिला होतास, आधी मी काय म्हणते ते ऐकायला. तेव्हाही तुझे ओठ सुजलेले होते.

मी रडले नाही. ॲल्विन काय म्हणतो त्यावर जाऊ नकोस, मी हॉस्पिटलात आहे, इथे सवय होते. पण ड्यूटीवर तुझं पत्र खिशात घेऊन फिरले आणि एका म्हाताऱ्याला त्याची गोळी दोनदा देणार होते.

त्याचं दुःख तेवढंच राहील, असं तू लिहितोस. तुला काय माहीत ते केवढं आहे? आपण त्यांना नको झालो, असं तो समजून बसलाय. अकरा वर्षं खेळला आणि शेवटी नको झालो. आणि खरं काय, तर त्यांना तो इतका हवा होता की त्याच्यासाठी जागा बदलली. हे तू त्याला वाचवायला लपवत नाहीस, स्वतःला वाचवायला लपवतोस. अंगावर येतंय ना? मीही तुला तितकीच बहीण आहे.

दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत लिही. कारणं थोडी, खरं पूर्ण.

ताप आहे असं आईला पुन्हा खोटं सांगितलंस तर मी येऊन थर्मामीटर लावीन.

तुझी,
लोर्ना


विराबीन,
शुक्रवार, ता. २९ सप्टेंबर, पहाटे ४ वाजून ५० मिनिटे

प्रिय ॲल्विन,

स. न. वि. वि.

अजून धारा काढल्या नाहीत. आधी हे.

समिती तुला काढणार नव्हती. क्लेम तुला फुल-फॉरवर्डला उभा करणार होता, पॅस्कोसमोर, कारण गर्दीत तुझ्यासारखा झेल या भागात कोणाचा नाही. माझ्या आकड्यांवरून त्याने ते ठरवलं. मी अर्धं वाक्य ऐकलं आणि पूर्ण पत्र लिहिलं. हे मला गुरुवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी कळलं. तुला शुक्रवारी दोनपर्यंत ट्रक होता. मी पोस्टात दोनदा गेलो आणि फोन केला नाही. बाई ऐकतील, समितीला कळेल, तू खोटा पडशील, अशी तीन कारणं तेव्हा होती. आता बघतो तर तिन्ही माझीच होती.

तुझी चौथी फायनल मी घालवली. तू हरला असतास तर ती तुझी असती. ती तुझ्याकडे आलीच नाही.

पुढच्या शनिवारी क्लबचं वर्षअखेरचं जेवण आहे. त्याआधी मी क्लेमला आणि ट्रेगिअरांना जाऊन सांगणार आहे. समितीतून नाव काढा असंही सांगणार आहे. तू मला लिहिलं नाहीस तर मी समजेन. लिहिलंस तर काय लिहिशील हे मी बरंच लिहून बघितलं आणि प्रत्येक वेळी मी तुला माझ्याविरुद्ध चांगलंच कडक लिहायला लावलं.

मर्विन


बुंडारी,
सोमवार, ता. २ ऑक्टोबर

चि. मर्व,

अ. आ.

आता तू खाली बस. गाई थांबतील.

मला माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी अकराला क्लेमची तार आली. त्याने ती आपल्या पोस्टातून केली नव्हती, खताचा ट्रक घेऊन जंक्शनला गेला होता तिथून केली, हाइनमनबाईंना टाळून. त्यात होतं की हात बांधून ये, फुल-फॉरवर्डला उभा करतो, धावायचं नाही, फक्त उडी मार. ती मी मेंढी पायांत धरून वाचली. दोन वाजायला तीन तास होते. बॅग भरलेली होती, मंगळवारपासूनच. मी त्याला उलट तार केली की हात जास्त दुखतोय.

ती तार तू सुचवली नव्हतीस. ती माझी.

तुझं बुधवारचं पत्र आलं तेव्हा राग नाही असं मी लिहिलं, ते खरं होतं. राग आला नाही, सुटलो असं वाटलं. नऊ गोल झाल्यापासून मी झोपेत डेनिहीच्या पाठीमागे पळतोय आणि दोन पावलं मागे आहे. तू म्हणालास हात दुखतोय म्हण, आणि मला वाटलं, चला, कोणीतरी दार उघडलं. मी आत-बाहेर बघितलंही नाही, निघालो. मग क्लेमची तार आली आणि कळलं की मी हवा आहे. तेव्हा खरी भीती वाटली. मर्व, फुल-बॅक हरला तर समोरचा चांगला होता असं म्हणता येतं. मी अकरा वर्षं तेच म्हणत आलो. फुल-फॉरवर्डला झेल घेतला की सगळे गडी मागे सरतात, शिट्टी थांबते, आणि तू, चेंडू आणि खांब. चुकलास तर कोणाच्या पाठीमागे लपणार? चौथी फायनल माझ्या पायाने हरायची, हे मला झेपलं नाही. पेपरात होतं, बर्टने सहा वेळा चुकवलं, पण तो उभा राहिला. मी इथे दोन्ही हातांनी मेंढ्या कातरत होतो आणि स्वयंपाकी विचारत होता की यातला दुखतोय तो कोणता.

तेव्हा तू घालवलीस हे जे लिहिलंस, ते खोडून टाक. तू फोन केला असतास तर मी तुलाही सांगितलं असतं की हात दुखतोय.

शनिवारच्या जेवणाला मी येतोय. क्लेमला आणि बर्टला सगळ्यांसमोर मीच सांगणार आहे. बर्टला आधी, कारण त्याला मि. हॅकेट रोज ऐकवत असतील. त्याआधी तू कोणापाशी तोंड उघडू नकोस. माझं झाल्यावर तुझं सांग, अर्धं वाक्य ऐकून लिहिलं तेवढंच. समितीतून नाव काढा असं म्हणायचं नाही. आकडे बरोबर होते. माणसं चुकली, आणि ती दोन्ही आपल्याच घरची.

क्लेम मला पुढच्या वर्षी घेईल की नाही ते तो ठरवेल. बत्तीस वर्षांचा गडी, एकदा पळालेला. मी त्याच्याकडे मागणार आहे, आणि मागताना फुल-बॅक मागणार नाही.

आईला नमस्कार, लोर्नाला सांग की मलाही दोन पानं उपदेश पाठव, मी पात्र आहे. आपलं एकमेकांवर आहे ते राहू दे, दोघांनाही त्याची सध्या गरज आहे.

तुझा भाऊ,
ॲल्विन

ता. क. काल रविवारी थंड मटण खाल्ल्यावर कोणी बघत नाही असं बघून आवारात गेलो. कुंपणाचे चार खांब सरळ रेषेत आहेत, मधल्या दोन खांबांतलं अंतर जवळपास मापाचं. चाळीस पावलांवरून, तिरका, डावीकडून, जिथे बर्ट चुकला तिथून. दहा लाथा मारल्या. तीन मधून, पाच बाजूने, दोन मेंढ्यांत. वारा अजिबात नव्हता. आज पुन्हा जातोय.